भरलेली आतडी, म्युनिकचं पातेलं आणि आपला संकोच

मागच्या हिवाळ्यात आमच्या अभ्यास गटातल्या एका मित्राने म्युनिकहून फोटो पाठवला. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर तो तिथे शिकतोय. रविवारी सकाळी घरमालकिणीने त्याला नाश्त्याला बोलावलं होतं. टेबलावर झाकणाचं चिनी मातीचं भांडं, त्यात वाफाळतं पाणी आणि पाण्यात तरंगणारी पांढरीफटक, जाडजूड सॉसेज. बाजूला गोडसर मोहरीची चटणी आणि मिठाचे खडे लावलेली, गाठ मारल्यासारखी पावाची वेटोळी. फोटोखाली त्याने लिहिलं होतं, 'आत्याच्या चुलीवरची भरलेली आतडी आठवतात का? इथे ती पाहुण्याला वाढतात.'

त्या शेवटच्या वाक्याने आमच्या गटात दोन दिवस रण पेटलं. कारण आपल्या घरात ही वस्तू पाहुण्याला कधीच वाढली गेली नाही. शिजली ती चोरून. दार लोटून, शेजारच्या आळीत वास जाणार नाही अशा वेळी. पाहुणा आला की कोंबडी, नाहीतर मटण. तेही परवडत नसेल तर उसनवारी करून. पाहुणा सवर्ण असेल तर थेट मटार-पनीर! आमच्यातल्या एकाने मान्य केलं की कॉलेजातले मित्र घरी येणार म्हणून त्याने आईला दोराला वाळत घातलेल्या चान्या काढून ठेवायला लावल्या होत्या. आई काही बोलली नाही, काढून ठेवल्या. ही गोष्ट सांगताना त्याला पंधरा वर्षांनंतरही मान वर करता येत नव्हती.

म्हणून या विषयावर सविस्तर लिहायचं ठरवलं. काही जणांना हा विषय हलका वाटेल. आरक्षण, शिष्यवृत्ती, ॲट्रॉसिटीचे खटले सोडून आतड्यांवर लेख? जातीने माणसाला पहिल्यांदा कुठे गाठलं असेल तर ते पाणवठ्यावर आणि ताटावर. महाडचा संग्राम पाण्याचा होता. ताटाचा अजून व्हायचा आहे.

आधी त्या म्युनिकच्या पातेल्याविषयी. त्या सॉसेजला तिथे वाइसवुर्स्ट म्हणतात, म्हणजे पांढरं सॉसेज. वासराचं मांस आणि डुकराच्या पाठीची चरबी बर्फ घालून अगदी मऊ वाटायची, त्यात कांदा, पार्सली, लिंबाची साल, जायपत्री, कुणी वेलचीही घालतं, आणि हे सगळं डुकराच्या आतड्यात भरायचं. आतड्यात! कृपया पुन्हा वाचा. वेलची आपल्या सह्याद्रीची, जायपत्री इंडोनेशियाच्या बेटांची आणि आतडं तिथल्याच डुकराचं. मग ते गरम पाण्यात ठेवायचं, पण पाणी उकळू द्यायचं नाही. पाण्याला खळखळ उकळी आली की आतलं सारण फुगतं, आतडं तडकतं आणि सगळा माल पाण्यात. म्हणून आच बंद करून दहा-पंधरा मिनिटं नुसतं ठेवतात आणि त्याच पाण्यासकट टेबलावर आणतात, म्हणजे शेवटचा माणूस जेवेपर्यंत ते गरम राहतं. फ्रीज नव्हते तेव्हा पहाटे केलेलं हे कच्च्या मांसाचं सॉसेज दुपारपर्यंत टिकत नसे, म्हणून चर्चच्या बाराच्या घंटेआधी ते संपवायचं अशी रीत पडली. आज फ्रीज आहेत, तरी रीत आहे. १८५७ साली म्युनिकच्या मुख्य चौकातल्या एका खानावळवाल्याकडची नेहमीची आतडी संपली आणि त्याने हाताला आली ती आतडी भरून नवाच पदार्थ केला, अशी एक दंतकथाही तिथे मोठ्या कौतुकाने सांगतात. खरी-खोटी असो. मुद्दा असा की आतडी संपल्याची गोष्ट एक शहर अभिमानाने सांगतं. सोबत बिअर पितात. आमच्या मित्राने बावीस प्रतिज्ञांतली दारूची प्रतिज्ञा सांगून सफरचंदाचा रस मागितला. घरमालकिणीला प्रतिज्ञा म्हणजे काय ते समजावण्यात अर्धा तास गेला. तो अर्धा तास तिने मन लावून ऐकलं, असं तो म्हणतो.

आता आत्याची आतडी. मराठवाड्यातलं आमच्या एका घरातलं हे. दुसरीकडे वेगळी पद्धत असेल, नावही वेगळं असेल. आमच्याकडे त्याला खास नावच नव्हतं. 'भरलेली' एवढंच म्हणायचे. बकऱ्याची आतडी सकाळी खाटकाकडून आणायची, उन्हाच्या आत. मोठ्या पातेल्यात पाणी, तांब्याने आतड्यात पाणी सोडत आतली घाण काढायची. मग गुळगुळीत काडीवर चढवून ती उलटी करायची. मीठ, हळद, बेसन लावून चोळायची, धुवायची, परत चोळायची. वास जाईपर्यंत चार-पाच पाणी. शेवटी कोमट पाण्यात बुडवून आतला चिकट थर हलक्या हाताने खरवडायचा, जोर लावला की फाटलं. सारण काय? काळीज आणि फोपसं बारीक चिरून, थोडी चरबी, ज्वारीच्या कण्या, कांदा, लसूण-मिरचीचा ठेचा, मीठ आणि येसर. आतडं कधीच गच्च भरायचं नाही. कण्या शिजताना फुगतात, त्यांना जागा लागते. दोन भाग भरायचं, एक भाग रिकामा सोडायचा, वीतभर अंतरावर दोऱ्याने बांधायचं आणि सुईने दोन-चार ठिकाणी टोचायचं, म्हणजे कोंडलेली वाफ बाहेर पडते. मग मंद आचेवर पाण्यात. आत्या म्हणायची, 'पाणी हसलं पायजे, खदखदलं नाय पायजे.' म्युनिकच्या खाटकाला वुर्स्ट करायला तीन वर्षं उमेदवारी करून जे शिकवतात, ते आमच्या आत्याला चुलीपुढे बसून माहीत होतं. फरक इतकाच की आपल्याकडे फोपसं, काळीज आणि कण्या असतात म्हणून तासभर तरी शिजवावं लागतं. पंधरा मिनिटांत उरकायचं ते काम नाही. शिजल्यावर बाहेर काढून जरा निवू द्यायचं, धारदार सुरीने गोल चकत्या. ते पाणी फेकायचं नाही, त्यालाच फोडणी देऊन रस्सा. ज्वारीची भाकरी, कांदा फोडून. संपलं.

आता प्रश्न विचारू. आतडं तेच, पाणी तेच, आच तीच. मग एक पदार्थ चिनी मातीच्या भांड्यातून रविवारच्या टेबलावर येतो आणि दुसरा दार लावून का खावा लागतो?

युरोपात गरिबी नव्हती, हे त्याचं उत्तर नाही. तिथेही आतडी, फोपसं, रक्त हे गरिबाचंच अन्न होतं. स्कॉटलंडचं हॅगिस बघा. मेंढीचं काळीज, हृदय आणि फोपसं ओटच्या भरडीत कालवून मेंढीच्याच पोटात भरून उकडतात. म्हणजे जवळजवळ आपलं 'भरलेली'च, ज्वारीऐवजी ओट. त्यांच्या कवीने, रॉबर्ट बर्न्सने, १७८६ साली त्यावर कविता लिहिली आणि आज २५ जानेवारीला, त्याच्या जन्मदिनी, जगभरचे स्कॉटिश लोक हॅगिस ताटात घेऊन, वाद्य वाजवत, ती कविता म्हणत जेवतात. गरिबाच्या पातेल्याचं राष्ट्रीय चिन्ह झालं. आपल्याकडे गरिबाच्या पातेल्याला जात चिकटली. गरिबी जाऊ शकते. वर्गाची भाकरी वर चढू शकते. जातीची भाकरी चढत नाही, कारण इथे अन्नाचा दर्जा ते खाणाऱ्याच्या जन्मावरून ठरतो. तिकडे खाटीक हा धंदा आहे. उमेदवारी, परीक्षा, 'मास्टर'चं प्रमाणपत्र, दुकानात भिंतीवर फ्रेम. कुणाच्याही पोटी जन्मलेला तो शिकू शकतो. इकडे मेलेलं जनावर ओढणं हा धंदा नव्हता, हुकूम होता.

युरोपाचं फार कौतुक करायचीही गरज नाही, हे जाता जाता सांगतो. २०२० साली जर्मनीतल्या एका मोठ्या कत्तलखान्यात दीड हजारांहून जास्त कामगारांना करोना झाला, तेव्हा जगाला कळलं की ती स्वस्त सॉसेज रुमानिया-बल्गेरियातून कंत्राटावर आणलेल्या, एकेका खोलीत कोंबलेल्या मजुरांच्या जिवावर होती. पुढच्या वर्षापासून तिथे मांस उद्योगात कत्तल आणि मांस कापण्याच्या कामावर कंत्राटी मजूर लावायला कायद्याने बंदी आली. आणि ताटावरून माणसाची झडती घेण्याचा धंदाही युरोपने केलेला आहे. पोर्तुगालमध्ये 'अलेइरा' नावाचं एक सॉसेज आहे, कोंबडी आणि पावाचं. सक्तीने ख्रिस्ती केलेले ज्यू डुक्कर खात नाहीत म्हणून पकडले जाऊ नयेत, यासाठी घरात डुकराच्या सॉसेजसारखं दिसणारं हे काहीतरी टांगून ठेवत, अशी त्याची कहाणी तिथे सांगतात. घरात काय टांगलंय यावर जीव वाचतो किंवा जातो. २०१५ साली दादरीजवळच्या बिसाहडा गावात मोहम्मद अखलाक यांचा फ्रीज तपासला गेला, तेव्हा आपण त्याच ठिकाणी पोचलो होतो.

आता आमच्याच घरातल्या विरोधाकडे येऊ. तो जास्त महत्त्वाचा आहे आणि त्याची टिंगल करून चालणार नाही.

गटातल्या चर्चेत एका ज्येष्ठ काकांनी लिहिलं, 'बाबासाहेबांनी जे सोडायला लावलं ते तुम्ही परत चुलीवर चढवताय. तुम्हाला लाज वाटत नाही?' काका धम्मदीक्षेच्या पिढीतले. त्यांच्या वडिलांनी गावात मेलेली जनावरं ओढायला नकार दिला, म्हणून गावाने दळण, दुकान आणि विहीर बंद केली होती. त्यांच्या रागाला अधिकार आहे. मार्च १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी सांगितलं की मेलेल्या जनावराचं मांस खाणं सोडा, उष्ट्या तुकड्यांवर जगणं सोडा. त्यानंतर गावोगाव आपल्या लोकांनी ते सोडलं आणि त्याची किंमत मोजली. पोटाला चिमटा काढून मोजली. दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये, आणि त्यानंतरच्या कितीतरी आत्मकथनांत, त्या मांसाच्या वाटणीच्या आठवणी आहेत. त्या वाचताना कुणाला 'वा, काय समृद्ध खाद्यपरंपरा' असं वाटत असेल, तर त्याने ते पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून वाचावं.

म्हणून इन्स्टाग्रामवर 'हरवलेली दलित चव' म्हणून तबकात कोथिंबीर भुरभुरून टाकलेल्या फोटोंवर आमचा फारसा विश्वास नाही. भूक ही पाककृती नव्हती. चान्या वाळवल्या त्या चवीसाठी नाही, पुढचं जनावर कधी मिळेल याचा भरवसा नव्हता म्हणून.

पण काका, तुमच्या वाक्यात दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं. मांस सोडायला सांगितलं नाही. मेलेलं जनावर ओढणं, त्याबदल्यात त्याचं मांस घेणं, हा वतनाचा आणि वेठीचा करार होता. तो करार मोडा, हा महाडचा आदेश होता. १९४८ च्या 'अस्पृश्य मूळचे कोण?' या ग्रंथात त्यांनी काय मांडलं? एके काळी ब्राह्मणही गोमांस खात होते, पुढे बौद्ध धम्माशी स्पर्धा करताना त्यांनी ते सोडलं आणि गाय पवित्र केली. जे परागंदा, मोडलेले लोक बौद्ध राहिले आणि मेलेल्या गाईचं मांस खात राहिले, ते अस्पृश्य ठरवले गेले. या मांडणीत मांस खाणाऱ्याचा गुन्हा कुठे आहे? गुन्हा आहे तो ताटावरून माणसाची किंमत ठरवणाऱ्याचा. आज सकाळी बाजारात जाऊन, रोख पैसे मोजून, ताज्या बकऱ्याची आतडी आणणारा माणूस कुणाचं वतन करत नाही. तो गिऱ्हाईक आहे. या एका शब्दात महाडनंतरचं शतक आहे.

दुसरा आक्षेप प्राणिमात्रांवर दया करण्याच्या प्रतिज्ञेचा. तो आमच्या विहारातल्या काही उपासक-उपासिकांचा आहे आणि प्रामाणिक आहे. ज्यांनी मांस सोडलं त्यांचा आम्ही आदर करतो. पण त्यांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मधला अहिंसेचा भाग एकदा काढून वाचावा. बाबासाहेब तिथे स्पष्ट भेद करतात, मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांतला. तथागतांनी शेवटचं जेवण चुंदाच्या घरी घेतलं, चुंद हा लोहार. त्या जेवणातलं 'सूकरमद्दव' म्हणजे डुकराचं मांस की कंद, यावर पंडित अजून भांडताहेत. आम्हाला त्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. एका कारागिराने घरी जे शिजवलं ते तथागतांपुढे वाढलं आणि त्यांनी ते स्वीकारलं. चुंदाला कुणी दोष देऊ नये, हे आनंदाला मुद्दाम सांगून ठेवलं. शाकाहाराची मोजपट्टी लावून आपण आपल्याच लोकांत नवी शिवाशिव सुरू करत असू, तर तो धम्म नाही.

आणि ही मोजपट्टी आपल्याकडे येते कुठून? सरकारच्याच २०१४ च्या नमुना नोंदणी सर्वेक्षणानुसार या देशात दहातली सात माणसं मांसाहारी आहेत. तरी 'शुद्ध' हा शब्द राखीव आहे शाकाहारासाठी. शुद्ध शाकाहारी भोजनालय, शुद्ध शाकाहारी सोसायटी. २०२३ साली मुंबईच्या आयआयटीत वसतिगृहाच्या भोजनगृहात शाकाहाऱ्यांसाठी वेगळी टेबलं ठेवली गेली. ज्याने विरोध केला त्या विद्यार्थ्याला १०,००० रुपये दंड झाला. देशातली सगळ्यात हुशार म्हणवणारी पोरं शेजारच्याच्या ताटाने बाटतात. आमच्यातल्या दोघांना पुण्यात खोली सोडावी लागली ती याच 'भरलेली'मुळे. रविवारी मित्रांना जेवायला बोलावलं, जिन्यात वास गेला, संध्याकाळी घरमालक दारात. 'तुम्ही लोक चांगले आहात हो, पण बाकीचे रहिवासी...' हे 'तुम्ही लोक' आपल्याला नवं नाही. गंमत अशी की त्याच गल्लीच्या तोंडाशी खानावळीत 'वजडी मसाला' मिळतो आणि शनिवारी रात्री तिथे बसायला जागा नसते. त्या सोसायटीतलेही चेहरे तिथे दिसायचे. वजडी हॉटेलात मर्दानी चव असते, आमच्या गॅसवर ती घाण होते.

२०१५ साली महाराष्ट्रात बैल-वळूच्या कत्तलीवरही बंदी आली. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कत्तलबंदी कायम ठेवली, पण परराज्यातून आणलेलं मांस जवळ बाळगणं हा गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं. माणूस आपल्या घरात काय खातो हा त्याच्या खासगी आयुष्याचा भाग आहे, हे न्यायालयाने मान्य केलं. त्या निकालावर आपण पुरेसं बोललो नाही. घराच्या आतला अधिकार मिळाला. पण अधिकार असलेल्या घरातही आपण स्वतःहून दार लावून घेतो, त्याचं काय करायचं?

याच प्रश्नाशी अमेरिकेतले काळे लोक आपल्या आधी झगडले आहेत. गुलामांच्या वाट्याला डुकराचं आतडं, पाय, कान यायचे. त्या आतड्याला ते 'चिटलिन्स' म्हणतात. तासन्‌तास हाताने साफ करायचं, मग तासन्‌तास उकडायचं. १९६० च्या दशकात काळ्या अस्मितेची लाट आली आणि याच अन्नाला 'सोल फूड' हे नाव मिळालं, आत्म्याचं अन्न. त्याच काळात नेशन ऑफ इस्लामचे एलाइजा मुहम्मद आपल्या लोकांना बजावत होते की हे गुलामीचं अन्न आहे, फेकून द्या. म्हणजे काका आणि आमचा मित्र, दोघेही तिथे होते! १९७२ साली आपल्या पोरांनी मुंबईत दलित पँथर काढली ती ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. नाव घेतलं, लढाऊपणा घेतला. ताटाचा हा वाद मात्र आपण उचलला नाही, तो घरातल्या बायकांवर सोडून दिला.

आणि बायकांचा मुद्दा आला की आमच्यासारख्या कार्यकर्त्यांची बोलती बंद होते. २००९ साली पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दलितांच्या अन्नाच्या आठवणींवर काम केलं. पुढे शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या चुलीची नोंद केली. ही दोन कामं प्रत्येक अभ्यास वर्गात असायला हवीत. ती वाचताना आम्हाला एक गोष्ट टोचत राहिली. अभिमान मिरवणार आम्ही, आणि आतडी उलटी करणार कोण? आत्याला आम्ही उत्साहाने फोन केला की तुझी 'भरलेली' शिकायची आहे, तर ती पलीकडून हसली. मग म्हणाली, 'मला कुणी शिकीवलं नाय, मला बशिवलं. सात वर्षाची होते. थंडीत त्या पान्यात हात घालून बोटं वाकडी व्हायची. तुला आठवन यायलीय चवीची, मला पान्याची येती.' त्यानंतर फोनवर बराच वेळ कुणीच बोललं नाही. 'आपली संस्कृती' म्हणून गटात आम्ही जे लांबलचक लिहिलं होतं, ते त्या रात्री आम्ही काढून टाकलं.

तरीही आम्ही 'भरलेली' केली. प्रजासत्ताक दिनाच्या नंतरच्या रविवारी, आमच्यातल्या एकाच्या घरी, दार उघडं ठेवून. आतडी धुण्याचं काम फक्त पुरुषांनी करायचं, ही आत्याची अट. ती स्वतः खुर्चीवर बसून सूचना देत होती. पहिली दोन आतडी उलटी करताना फाटली, एक गच्च भरल्यामुळे पातेल्यात फुटलं आणि सगळ्या कण्या रश्श्यात गेल्या. सहा जणांना तीन तास लागले. ते काम आत्या एकटी तासाभरात उरकायची, वर स्वयंपाक आणि शेतावर जाणं वेगळं. ज्या मित्राला पंधरा वर्षांपूर्वी चान्या लपवायला लावल्या होत्या, त्याने यावेळी ऑफिसातल्या चार सहकाऱ्यांना बोलावलं. काय शिजणार आहे ते आधीच स्पष्ट सांगून. तिघे आले. त्यांतल्या एकाने फक्त भाकरी आणि कांदा खाल्ला, म्हणाला, 'मला जमणार नाही, पण मला इथे बसायचं आहे.' आम्हाला ते चाललं. कुणी काय खावं ही सक्ती आम्हालाही करायची नाही. त्याने नाक मुरडलं नाही, एवढं पुरे. चौथा आला नाही, कारण सांगितलं नाही, आणि तो दुसऱ्या दिवसापासून ऑफिसात डबा वेगळ्या टेबलावर खातोय. तेही कळलं, बरं झालं. पनीर वाढून हे कधी कळलं नसतं.

काका आले. जेवले नाहीत, चहा घेतला. जाताना आत्याला म्हणाले, 'ताई, आमच्या घरी आईने हे १९५६ नंतर कधी केलं नाही. वास मात्र ओळखीचा आला.' आम्ही त्यांना आग्रह केला नाही. नकार देण्याचा हक्क त्यांनी फार महागात विकत घेतला आहे.

म्युनिकच्या मित्राला फोटो पाठवला. त्याने घरमालकिणीला दाखवला. तिचा पहिला प्रश्न, 'पाणी उकळू दिलं होतं का?' दुसरा, 'यात धान्य आहे का?' जातीचा प्रश्न तिला सुचला नाही, सुचण्याचं कारणही नाही. उन्हाळ्यात तो परत येईल तेव्हा तिच्या भांड्यासारखं झाकणाचं मोठं भांडं आणायला सांगितलं आहे. आमचं ॲल्युमिनियमचं पातेलं वाढायला जड जातं.

पुढची बैठक बुद्धपौर्णिमेनंतरच्या रविवारी, पत्ता गटात टाकू. ज्यांना 'भरलेली' खायची आहे त्यांनी सकाळी सात वाजता आतडी धुवायला हजर राहावं. एक वाजता थेट जेवायला येणाऱ्यांना भाकरी आणि रस्सा मिळेल. आतडी मिळणार नाहीत, आत्याने बजावलं आहे.

जय भीम.